खान्देशातल्या गावात बाळगट कसा उभा करायचा आणि कसा टिकवायचा

बाळगट म्हणजे आठवड्यातून एकदा, तासभर, तीन वर्षांच्या आतली बाळं आणि त्यांना सांभाळणारी माणसं एकत्र बसतात ती जागा. सांभाळणारं माणूस कधी आई असते, कधी आजी, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत कधी कधी आठ-नऊ वर्षांची ताईसुद्धा. तीन वर्षांपुढची मुलं रोज अंगणवाडीत जातात. त्याआधीची घरात, शेताच्या बांधावर नाहीतर झोळीत असतात, आणि मेंदू सगळ्यात झपाट्याने वाढतो तो याच वयात. लहानशी संस्था, महिला मंडळ किंवा बचत गटांचा ग्रामसंघ हे काम नीट करू शकतो. फक्त एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: गटात बाळाला शिकवायचं नाही. जी माणसं बाळाला दिवसभर हाताळतात त्यांना हात द्यायचा. गट चालवणाऱ्या ताईने तासभर बाळ छान खेळवलं आणि आई भिंतीला टेकून बघत बसली, तर तो तास वाया गेला.

आधी यादी

जागा, सतरंज्या, बॅनर यांच्या आधी घरोघर फिरून यादी करा. दीड हजार वस्तीच्या गावात वर्षाला साधारण २० ते ३० बाळं जन्मतात, म्हणजे तीन वर्षांच्या आतली ६० ते ९० भरायला हवीत. तुमची यादी ४० वर थांबली तर मुलं कमी नाहीत, यादी अपुरी आहे. सुटतात ती घरं बहुतेक ठरलेली असतात: गावाबाहेरच्या खळ्यावर राहणारे सालदार (वर्षाच्या बोलीवर राबणारे शेतमजूर), वीटभट्टीवरची कुटुंबं, दूरचा पाडा, आणि बाळंतपणाला माहेरी आलेल्या लेकी. माहेरवाशिणीचं नाव सासरच्या गावात असतं, त्यामुळे दोन्हीकडच्या यादीत ती नसते आणि बाळाचे पहिले तीन महिने कोणाच्याच नजरेत येत नाहीत. तिच्यासाठी वहीत वेगळं पान ठेवा.

वय महिन्यांत लिहा. ‘दीड वर्ष’ हे वय नव्हे, ‘१७ महिने’ हे वय. जन्मतारीख लसीच्या कार्डावरून, म्हणजे माता-बाल संरक्षण कार्डावरून घ्या. कार्ड नसेल तर सणांवरून काढा: अखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी की नंतर, श्रावणात कान्हबाई बसली तेव्हा पोटात होतं की मांडीवर, पोळ्याला पालथं पडत होतं का. असं विचारलं की महिना बरोबर निघतो. एक महिन्याची चूक मोठ्या मुलात चालून जाते. सात महिन्यांच्या बाळात तीच चूक आहाराचा सगळा सल्ला बदलून टाकते. बाळ दिवसांआधी जन्मलं असेल तर तेही नोंदवा. अशा बाळाची वाढ बघताना जितके आठवडे आधी जन्मलं तितके वयातून वजा करावे लागतात.

अंगणवाडीला सोबत घेऊनच

संस्थेने गावात दुसरी अंगणवाडी उघडली की सहा महिन्यांत भांडण होतं, हे धरूनच चाला. अंगणवाडी सेविकेकडे वजनकाटा आहे, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपवरची नोंद आहे, घरपोच आहार आहे. आशाताईकडे नवजात बाळांच्या गृहभेटी आहेत, एएनएम सिस्टरकडे, म्हणजे आरोग्य उपकेंद्राच्या परिचारिकेकडे, लस आहे. यातलं काहीच तुम्ही पुन्हा करू नका. सेविकेकडे नसतो तो वेळ. एका बाळाजवळ अर्धा तास बसायची फुरसत तिला मिळत नाही. ती फुरसत तुमच्याकडे असली पाहिजे.

पहिल्यांदा सेविकेला तिच्या घरी किंवा केंद्रात जाऊन भेटा आणि तिला कशाचा त्रास होतो ते विचारा. मग सेविकांवर देखरेख करणारी मुख्यसेविका आणि तालुक्याचे बाल विकास प्रकल्प अधिकारी यांना पत्र द्या, आणि ग्रामपंचायतीच्या मासिक सभेत ठराव करून घ्या. क्रम उलटा झाला, वरून पत्र आलं आणि मग तुम्ही सेविकेच्या दारात गेलात, तर ती तुम्हाला तपासणीसाठी आलेलं पथकच समजेल. महिन्यातला लसीकरणाचा दिवस बाळगटाचा दिवस म्हणून धरू नका. त्या दिवशी बाळं रडतात आणि आयांना घरी जायची घाई असते.

जागा आणि वेळ

बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू केलं. तिथे त्यांनी जे दाखवलं ते आजही खरं आहे: मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनेच त्याच्या अंगणात जायचं. बाळगटासाठी तर हे शंभर टक्के लागू पडतं. समाजमंदिर रिकामं मिळालं म्हणून तिथे बसू नका. दुसऱ्या गल्लीतली, दुसऱ्या जातीची बाई तिथे येईलच असं नाही, आणि पत्र्याखाली चैत्र-वैशाखात बाळ बसवणं म्हणजे भट्टीत बसवणं. लिंबाखालचं, सारवलेलं, पाण्याजवळचं कोणाचंही अंगण चालतं. बाळ आणि त्याला सांभाळणारं माणूस अशा १० ते १२ जोड्या झाल्या की गट भरला. पंधरा झाले की दोन गट करा.

वेळ शेती ठरवते. जून-जुलैत लावणी, निंदणी आणि दसऱ्यापासून जानेवारीपर्यंत कापूस वेचणी, या काळात सकाळी दहाला गट बोलावला तर फक्त आज्या येतील. वेचणीच्या दिवसांत दोन वेळा चालतात. एक, आठवडे बाजाराचा दिवस: बऱ्याच गावांत त्या दिवशी मजुरी हातात पडते आणि शेताला सुटी असते. दुसरी, संध्याकाळी साडेपाच-सहाची, भाकरी टाकायच्या आधीची. पण तेव्हा बाळं पेंगतात, म्हणून तास कापून ३५ मिनिटांचा करा. एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर जातो. तेव्हा साडेसातला सुरू करून साडेआठला उठायचं. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात काम बारमाही असतं, तिथे वेळ बायांनाच ठरवू द्या आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारा.

उन्हाळ्यातली एक चूक खान्देशात घरोघरी होते. ऊन फार म्हणून दोन-चार महिन्यांच्या बाळाला पाणी, साखरपाणी पाजतात. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाखेरीज काही नको, पाण्याचा थेंबही नको. त्या दुधात बहुतांश पाणीच असतं. वरून पाणी पाजलं की बाळाचं इवलंसं पोट पाण्याने भरतं, ते दूध कमी ओढतं, म्हणून दूध कमी येतं, आणि पाणी स्वच्छ नसेल तर जुलाब लागतात. पाणी आईने प्यायचं आणि बाळाला जास्त वेळा पाजायला घ्यायचं. गटात दाराशी पाण्याचा माठ ठेवा आणि येणाऱ्या प्रत्येक आईला आधी तांब्याभर पाणी द्या. ही गोष्ट सांगण्यापेक्षा करून दाखवली की लवकर पटते.

ताई कशी असावी

पाड्यावरची, तिथलीच बोली बोलणारी, स्वतःचं मूल वाढवलेली. शिक्षण दहावीपर्यंत असलं तरी पुरतं. वही नीट भरता आली पाहिजे. धडगाव, अक्कलकुव्याला पावरी किंवा भिलोरी न येणारी ताई ठेवली तर आया फक्त माना डोलावतात. अमळनेर, पारोळा, धुळे, साक्री भागात अहिराणी आणि यावल-रावेरकडे लेवा बोली चालू द्या. शहरातून शिकून आलेली ताई गटात मुद्दाम ‘शुद्ध’ बोलते आणि मग आयाही बाळाशी कमी बोलू लागतात, कारण आपलं बोलणं कमी दर्जाचं आहे असं त्यांना वाटतं. नुकसान इथे होतं. बाळाला ज्या बोलीत आई न अडखळता बोलते, चिडवते, समजावते, त्याच बोलीत भरपूर ऐकू येऊ द्या. शाळेची मराठी नंतर येते आणि भक्कम घरबोलीवरच चांगली येते.

एका ताईकडे २५ ते ३० कुटुंबं, यापेक्षा जास्त नाहीत. महिन्यातून प्रत्येक घरी दोन भेटी, प्रत्येक भेट ४० ते ४५ मिनिटं. म्हणजे आठवड्याला १२ ते १५ भेटी, वर दोन गट. हा हिशोब ओलांडला की ताई उंबऱ्यावरून सही घेऊन परत फिरते. मानधन महिन्याच्या ठरल्या तारखेला द्या. खर्चाच्या कागदावर सगळ्यात मोठा आकडा मानधनाचा आणि त्याखालोखाल येण्या-जाण्याचा असेल, तो तसाच असू द्या. खेळण्यांच्या महागड्या पेट्या पैसे देणाऱ्यांना आवडतात. बाळाला लागते ती वेळेवर येणारी ताई.

तासाची आखणी

पहिली दहा मिनिटं हात धुणं आणि गाणं. प्रत्येक बाळाचं नाव घेऊन गा. नाव ऐकल्यावर कोण वळून बघतं, कोण बघत नाही, हे ताईने गुपचूप टिपायचं. अखाजीची, झोक्याची, जात्यावरची गाणी आज्यांना येतात, त्यांनाच म्हणू द्या.

मग वीस मिनिटं खेळ. आईने बाळासमोर जमिनीवर बसायचं आणि आधी काहीच करायचं नाही, बाळ काय बघतंय ते बघायचं. ते वाटीकडे बघत असेल तर वाटीबद्दल बोलायचं: ‘हाई काय शे? वाटी शे.’ आणि थांबायचं. मनात पाचपर्यंत मोजायचं. बाळ हुंकार देईल, हात हलवेल, तोंड उघडेल, ते उत्तर आहे. त्याला उत्तर द्यायचं. पाच अंक थांबणं मोठ्या माणसांना फार जड जातं. सगळ्याच आया सुरुवातीला बाळाच्या हातून वस्तू घेऊन ‘असं कर’ म्हणून दाखवतात. त्यांना टोकू नका. ताईने दुसऱ्या बाळासोबत थांबून दाखवायचं, एवढं पुरे.

पुढची पंधरा मिनिटं खाऊ, दहा मिनिटं एकच विषय, आणि शेवटची पाच मिनिटं घरी करायचं एक काम ठरवायला. एकच काम. ‘या आठवड्यात रात्री झोपवताना रोज बाळाशी दिवसभराचं बोलायचं,’ बस. तीन कामं सांगितली की एकही होत नाही.

घरची खेळणी

खुळखुळा: पाव लिटरची पारदर्शक पाण्याची बाटली धुऊन पूर्ण सुकवा, दोन चमचे बारीक खडे आणि रंगीत चिंधीचे चार तुकडे घाला, झाकण आवळा आणि वरून कापडी चिकटपट्टीचे तीन वेढे द्या. डाळ किंवा तूर घालू नका. पावसाळ्यात ओल धरते, बुरशी येते आणि झाकण निघालं की दाणे थेट नाकात जातात. खडे असले तरी झाकण दर आठवड्याला ओढून बघा.

चेंडू जुन्या सुती लुगड्याचा करा, बेलफळाएवढा. आत घरचा कापूस भरायचा तर सरकी काढलेलाच भरा. दीड वर्षापुढच्या बाळाला डबा आणि दाणे काढलेली मक्याची कणसं द्या: टाकायची, काढायची, पुन्हा टाकायची. ४ सेंटीमीटरपेक्षा लहान काहीही तीन वर्षांच्या आतल्या बाळाच्या हाती नको. बटण, चिंचोका, बोराची आठळी, आख्खा शेंगदाणा, हरभरा, सगळे घशात अडकणारे.

कापूसपट्ट्यात याहून मोठा धोका फवारणीच्या औषधांचा. औषधाची रिकामी बाटली कितीही धुतली तरी खेळण्याला, पाण्याला, तेलाला वापरायची नाही. तिला आरपार भोक पाडायचं, म्हणजे दुसरं कोणी वापरणार नाही. फवारून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय बाळाला घ्यायचं नाही आणि ते कपडे बाळाच्या लंगोट-झबल्यात मिसळून धुवायचे नाहीत. फवारलेल्या शेताच्या बांधाला झोळी बांधायची नाही. या गोष्टी बापांच्या बैठकीतच सांगावी लागतात, कारण पंप त्यांच्या पाठीवर असतो.

खाऊ: वाटी आणि चमचा

‘वाटीभर खाऊ घाला’ हे सांगणं निम्म्या घरांत चुकीचं ठरतं, कारण सल्ल्यातली वाटी २५० मिलिलिटरची असते आणि घरातली वाटी त्याच्या निम्मी. म्हणून गटात दुधाच्या पाव लिटरच्या मापाने प्रत्येकीच्या वाटीत पाणी ओतून दाखवा. कोणाच्या वाटीत मावतं, कोणाची दोनदा भरते, ते डोळ्यांनी दिसतं. मग सांगा: सहा महिने पूर्ण झाले की दोन-तीन चमच्यांनी सुरुवात करून आठ महिन्यांपर्यंत या मापाची अर्धी वाटी, दिवसातून दोन-तीनदा. ९ ते ११ महिने, अर्धी ते पूर्ण वाटी, तीन-चारदा. वर्षापुढे पाऊण ते पूर्ण वाटी तीन-चारदा, मध्ये एक-दोनदा केळं, अंडं असं काही. आणि दोन वर्षं, त्यापुढेही, अंगावरचं दूध चालूच.

घट्टपणा चमच्याने तपासा. चमचा तिरका केला आणि खाऊ धारेने ओघळला तर तो पातळ. थबकून, गोळ्याने पडला तर बरोबर. डाळीचं नुसतं वरचं पाणी पाजून बाळ ‘जेवलं’ असं समजणं हे वजन न वाढण्याचं फार मोठं कारण आहे. पोट भरतं, अंगी काही लागत नाही.

वेगळा स्वयंपाक नको. तुरीच्या वरणाला मिरचीची फोडणी पडायच्या आधी बाळाचा वाटा काढा, त्यात ज्वारीची नाहीतर कळण्याची भाकरी कुस्करा, चमचाभर तेल किंवा तूप, चमचाभर शेंगदाण्याचं बारीक कूट घाला. कळण्याच्या भाकरीत ज्वारीबरोबर उडीद दळलेला असतो, म्हणजे धान्य आणि डाळ एकाच घासात. खिचडीला दोन मुठी तांदळाला एक मूठ मूग. शेवग्याचा पाला धुऊन, शिजवून, घोटून. अंडं चालत असेल त्या घरात रोज अंडं. पिकलेलं केळं चमच्याने खरवडून, आणि केळीच्या प्रदेशात ते बाळाला नियमित मिळत नसेल तर कारण विचारा. ‘केळ्याने कफ होतो’ हे उत्तर बहुतेक ठिकाणी येतं. भर थंडीतही पिकलेलं केळं बाळाला चालतं; आजीला पटत नसेल तर दुपारी उन्हात द्यायला सांगा, वाद घालू नका. मीठ-साखर वर्षापर्यंत नको, मध तर मुळीच नको.

सातपुड्याच्या भागात नागलीला (नाचणीला) मोड आणून, सुकवून, भाजून केलेलं पीठ उत्तम. मोडांमुळे खीर घट्ट केली तरी गिळायला सोपी राहते. पण ज्वारीला मोड आणू नका. ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विष असतं, कोवळ्या धाटांनी जनावरांना किराळ (विषबाधा) लागते ती त्यामुळेच. शेतकऱ्याच्या घरात हे एका वाक्यात समजतं.

चहा-बिस्किट आणि पाच रुपयांची पुडी यांच्यावर भाषण करून कोणी थांबत नाही. चहाने भूक मरते आणि जेवणातलं लोह अंगी लागत नाही, एवढं सांगा, आणि त्या वेळेला काय द्यायचं ते हातात द्या: कूट लावलेला गुळाचा बारीक लाडू, उकडलेला बटाटा, केळं. आशाताईकडचं लोहाचं औषध सहा महिन्यांपुढे आठवड्यातून दोनदा, १ मिलिलिटर. त्याने शी काळी होते. हे आधी सांगितलं नाही तर बाटली दुसऱ्याच दिवशी उकिरड्यावर जाते.

दंडाची पट्टी आणि पुढची धावपळ

वजन अंगणवाडीत होतं. गटात दर महिन्याला लाल-पिवळ्या-हिरव्या मापपट्टीने दंडाचा घेर मोजा, ६ महिन्यांपुढच्या बाळांचा. डावा हात. बाही पूर्ण वर. कोपर वाकवून खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत मापून मधोमध खूण करा, मग हात सरळ सैल सोडून पट्टी खुणेवर लावा. पट्टी कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. रडणारं बाळ हात आवळतं, तेव्हा थांबा, आईच्या मांडीवर परत मोजा. ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे लाल, तीव्र कुपोषण; ११.५ ते १२.५ च्या आत पिवळी, मध्यम कुपोषण. शिवाय दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबा. दोन्हीकडे खळगा राहिला तर ती सूज आहे, मग पट्टी हिरवी असली तरी बाळ तातडीचं.

लाल पट्टी चारचौघांत मोठ्याने वाचायची नाही. आईला बाजूला घेऊन, ‘माय, दंड बारीक भरला आहे, उद्या सिस्टरला दाखवू, मी सोबत येते’ असं सांगा आणि खरंच सोबत जा. चिठ्ठी देऊन पाठवलेल्यांपैकी किती पोचत नाहीत ते ताईलाच माहीत असतं. पोषण पुनर्वसन केंद्रात साधारण १४ दिवस राहावं लागतं. आई नाही म्हणते तेव्हा तिचं बाळावर प्रेम नाही असं नसतं. घरी दुसरी दोन मुलं, म्हैस आणि वेचणीची मजुरी असते. बुडीत मजुरीपोटी पैसे मिळतात ते आधीच सांगा, आणि मागच्या मुलांची भाकरी कोण करणार हे बचत गटातल्या बायांशी बोलून त्याच संध्याकाळी ठरवा. हे ठरलं की आई निघते.

बाळ काहीच पीत नाही, झटका आला, जागं केलं तरी उठत नाही, श्वास घेताना छाती आत ओढते, यांत पट्टी-बिट्टी काही नाही. १०८ ला फोन. जुलाब असतील तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ओआरएसची पूर्ण पुडी. ग्लासभर पाण्यात अर्धी पुडी हे अंदाजपंचे मिश्रण घातक ठरतं, म्हणून घरातल्या कळशीवर किंवा बाटलीवर लिटरची खूण रंगाने करून द्या.

उशिरा होणारी वाढ

‘आमच्यात पोरं उशिराच बोलतात’ हे वाक्य ऐकलं की ताईने वही उघडायची. तिसऱ्या महिन्यानंतरही चेहरा बघून हसत नाही; मागून टाळी वाजली तरी दचकत, वळत नाही; ९ महिने झाले तरी आधाराशिवाय बसत नाही; वर्षाला बा-बा, दा-दा नाही; १८ महिन्यांना चालत नाही; दोन वर्षांना दोन शब्द जोडत नाही. यांतलं एकही दिसलं तर वाट बघायची नाही. आणि येत होतं ते बोलणं किंवा चालणं बंद पडलं, तर त्याच आठवड्यात डॉक्टर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं, त्यांना नावं आधीच देऊन ठेवा. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयाच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होते. बोलणं नसलेल्या प्रत्येक बाळाचे कान आधी तपासून घ्या. ‘मतिमंद’ हा शब्द ताईच्या तोंडून कधी जाऊ नये. निदान करणं तिचं काम नाही, पोचवणं आणि पोचल्यावर व्यायाम घरी चालू राहतोय का ते बघणं तिचं काम.

सासू आणि बाप

घरात काय शिजतं ते सासू ठरवते. तिला सोडून सुनेला शिकवलं तर घरी सुनेलाच बोलणी बसतात. म्हणून महिन्यातला एक गट आज्यांचा. त्यांचं मालीश, गाणी, कोडी मनापासून घ्या, त्यात खूप चांगलं आहे. बदलायचं ते मोजकंच: कानात-नाकात तेल, डोळ्यांत काजळ, घुट्टी, आणि चीक, म्हणजे बाळंतपणानंतरचं पहिलं दूध, फेकून देणं.

बाप गटाला येत नाहीत, ते पारावर येतात. रात्री जेवणानंतर अर्धा तास, बाया नसताना. फवारणीचं वर सांगितलंच, त्याखेरीज एकच मागणी ठेवा: दिवसातून एकदा बाळाला मांडीवर घेऊन दहा मिनिटं बोलायचं, मोबाइल खिशात.

नोंदणी, पैसा आणि सुरक्षितता

नोंदणीचं आत्ता सांगायचं कारण, ती आधी करून बसलेल्या संस्थांकडे बरेचदा शिक्का असतो आणि गट नसतो. सहा महिने गट चालवा, मग नोंदवा. किमान सात सभासद घेऊन संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली, आणि महाराष्ट्रात सोबतच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात. सातही एकाच घरातले नकोत. मग पॅन, बँक खातं, आयकर खात्याकडची धर्मादाय संस्थेची आणि देणगीवरच्या सवलतीची नोंदणी (१२ए आणि ८०जी या नावांनी ओळखली जाणारी), कंपनीचा सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी घ्यायचा तर सीएसआर-१ हा अर्ज. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अहवाल दाखल करायचा. हा राहून गेला की पुढे प्रत्येक कागद अडतो.

बाळांचे फोटो आई-बापाच्या लेखी परवानगीशिवाय नाहीत, आणि कुपोषित बाळाचा उघडा फोटो परवानगी असली तरी नाही. कोणतंही मोठं माणूस गटातल्या मुलासोबत बंद खोलीत एकटं थांबणार नाही. मुलावर लैंगिक अत्याचाराचा संशय आला तर पोक्सो कायद्याने (बालकांचं लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणाऱ्या कायद्याने) कळवणं बंधनकारक आहे. १०९८ हा मुलांसाठीच्या मदतवाणीचा क्रमांक ताईच्या वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा.

दिवाळीनंतरची पिशवी

नंदुरबारच्या डोंगरी तालुक्यांतून आणि साक्री, शिरपूरच्या पाड्यांवरून दिवाळी झाली की कुटुंबं गुजरातेत ऊसतोडीला, वीटभट्टीला निघतात. वर्षभर बांधलेला गट चार दिवसांत रिकामा होतो. त्यामुळे दसऱ्याच्या आठवड्यातच विचारायला लागा: कोण जाणार, कोणत्या मुकादमाबरोबर, कोणत्या कारखान्याला, बाळ सोबत की आजीजवळ. प्रत्येक जाणाऱ्या घराला एक कापडी पिशवी द्या. तिच्यात लसीचं कार्ड आणि त्याची झेरॉक्स, रेशन कार्डाची झेरॉक्स, ओआरएसच्या चार पुड्या, लिटरची खूण केलेली बाटली, दंडाची एक पट्टी आणि चिंधीचा चेंडू. रेशन दुसऱ्या राज्यातही मिळतं, मात्र आधार जोडलेलं हवं. ते निघण्याआधी दुकानात तपासून घ्या. अंगणवाडी सेविकेला सांगून पोषण ट्रॅकरमध्ये स्थलांतराची नोंद करून घ्या, म्हणजे तिकडच्या केंद्रात नाव लागू शकतं. राहून जाणारी लस निघण्याआधीच देता येते का ते सिस्टरला विचारा.

बाळ आजीजवळ राहिलं तर ते घर गृहभेटीच्या यादीत पहिलं. आईने ताईच्या फोनवर आठवड्यातून एकदा बाळाशी बोलावं, वेळ ठरवून.

होळीला बरेच जण परततात, उरलेले मेपर्यंत. परतल्यापासून आठ दिवसांच्या आत दंड मोजा, कार्ड बघा, सुटलेल्या लसी लाल पेनने लिहा आणि यादी सेविकेच्या आणि सिस्टरच्या हातात द्या. नवीन जन्मलेली बाळं याच वेळी यादीत येतात. त्यांचा जन्म तिकडे नोंदला का हे विचारा. २१ दिवसांत नोंद झाली नसेल तर उशिराच्या नोंदीचे कागद लगेच सुरू करावे लागतात, आणि जन्माचं ठिकाण सांगणारी माणसं तेव्हा गावात असतात.